रेल्वेकाळातल्या हॉटेल-धर्मशाळांचा इतिहास कसा शोधावा

महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या स्टेशनांसमोर एखादी तरी अशी इमारत असते, जिच्याबद्दल गावात ‘हे साहेबाच्या वेळचं हॉटेल’ यापलीकडे काही सांगितले जात नाही. कुठे ती धर्मशाळा असते, कुठे खाणावळ, तर कुठे पडवीचे खांब तेवढे उरलेले असतात. अशा जागेचा इतिहास लिहायला निघालेला अभ्यासक सहसा थेट इमारतीपाशी जातो, मालकाला भेटतो, पाटीवरचे साल टिपून घेतो, कमानींची छायाचित्रे काढतो आणि तिथेच अडकतो. माझे सांगणे असे, की सुरुवात इमारतीपासून न करता गाडीपासून करावी. प्रवाशाला त्या ठिकाणी उतरणे भाग का पडत होते हे एकदा समजले, की तिथे कोणत्या प्रकारचा मुक्काम उभा राहिला, तो कोणासाठी होता आणि पुढे का मोडला, या प्रश्नांना हात घालता येतो. पुढची पद्धत मुख्यतः ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, म्हणजे जुन्या जीआयपीच्या, मुंबई इलाख्यातील मार्गांना धरून सांगितली आहे. इतर मार्गांनाही ती थोड्या फरकाने लागू पडेल.

प्रवास कुठे तुटत होता ते आधी ठरवा

मुंबई–पुणे मार्गाचेच उदाहरण घ्या. १८५६ मध्ये मुंबईकडून रूळ खोपोलीपर्यंत पोहोचले आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा वरचा तुकडा सुरू झाला; परंतु मधला बोरघाट फोडून गाडी चालू व्हायला एप्रिल १८६३ उजाडले. मधल्या पाच वर्षांत मुंबईहून निघालेला प्रवासी खोपोलीला उतरत असे, पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीने घाट चढत असे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत असे. म्हणजे या पाच वर्षांत घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्याशी जेवणाची, निवाऱ्याची, हमालांची आणि जनावरांच्या दाणावैरणीची मोठी गरज होती, आणि १८६३ नंतर ती जवळजवळ एका हंगामात ओसरली, कारण खोपोली मुख्य मार्गावरून बाजूलाच पडली. खोपोलीतील एखादी जुनी सराई ‘अचानक’ का बंद पडली, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने घाटाच्या उद्घाटनाची तारीख पाहिलेली नसते.

प्रवास तुटण्याची कारणे ठिकठिकाणी वेगळी असतात आणि त्या कारणावरून मुक्कामाचे स्वरूप ठरते. कर्जत, लोणावळा, कसारा, इगतपुरी या घाटाच्या दोन्ही अंगांच्या स्टेशनांवर घाटासाठी जादा इंजिने जोडली वा सोडली जात, पाणी भरले जात असे आणि गाडीला वेळ लागत असे. तेवढ्या वेळात वरच्या वर्गाचा प्रवासी रिफ्रेशमेंट रूममध्ये जेवून घेई. इथे खोल्यांपेक्षा स्वयंपाकघर महत्त्वाचे होते. कुर्डुवाडीला, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोडला, ब्रॉडगेजवरून उतरून बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद गाडीत बसावे लागे. ती लाइन १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणि १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत गेली, त्यामुळे आषाढी-कार्तिकीला तिथे वारकऱ्यांची रात्र निघत असे. मनमाडला निझामाच्या मुलखात जाणारी मीटरगेज मिळे. नेरळला माथेरानची छोटी गाडी १९०७ मध्ये आली, त्याआधी तिथून वर जाण्यासाठी घोडा किंवा पालखी ठरवावी लागे. महाबळेश्वरला जाणारा साहेब वाठारला उतरून टांग्याने वाई-पाचगणीमार्गे जात असे. नाशिकचे गाव स्टेशनापासून इतके दूर, की मध्ये ट्राम घालावी लागली. कॅसलरॉकला ब्रिटिश हद्द संपून पोर्तुगीज हद्द लागे, तेव्हा तिथे जकातीची तपासणी हेच थांबण्याचे कारण होते.

आपल्या स्टेशनाच्या बाबतीत यांपैकी कोणते कारण लागू होते आणि ते कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत होते, हे एका कागदावर मांडावे. त्यासाठी मार्ग सुरू झाल्याच्या तारखा, गेज बदलल्याच्या तारखा आणि इंजिनांचा प्रकार बदलल्याच्या तारखा हव्यात. १९२९-३० च्या सुमारास घाटांत विजेची इंजिने आली आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू होऊन मुंबई–पुणे अंतर सुमारे पावणेतीन तासांवर आले. सकाळी जाऊन रात्री घरी परतता येऊ लागल्यावर पुण्यातल्या मुक्कामावर आणि घाटातल्या जेवणावर काय परिणाम झाला असेल, हे वेगळे सांगायला नको.

जुने वेळापत्रक हाती आले की आधी त्याच्या माथ्यावर कोणती वेळ धरली आहे ते वाचावे. १९०६ पूर्वी रेल्वे मद्रासची वेळ पाळत असे आणि मुंबई शहर मुंबईची. मद्रासची वेळ मुंबईपेक्षा अर्ध्या तासाने पुढे होती. म्हणून वेळापत्रकात रात्री नऊला सुटणारी गाडी मुंबईच्या हॉटेलातील घड्याळाप्रमाणे साडेआठलाच सुटत असे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबई शहराने आपली जुनी वेळ पुढेही चालू ठेवली आणि दोहोंतील फरक ३९ मिनिटांचा झाला. हॉटेलाच्या जाहिरातीतील जेवणाची वेळ आणि गाडीची वेळ यांचा मेळ लागत नसेल, तर जाहिरात चुकली असे म्हणण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

मुक्कामाचा प्रकार ओळखा

आज आपण ‘हॉटेल’ हा एकच शब्द सगळ्याला लावतो. त्या काळी स्टेशनावर आणि स्टेशनाभोवती निदान पाच-सहा वेगवेगळ्या व्यवस्था नांदत होत्या आणि प्रत्येकीचे कागद वेगळ्या दप्तरात आहेत. चुकीच्या दप्तरात महिनोन्‌महिने शोधण्यापेक्षा हे वर्गीकरण आधी केलेले बरे.

स्टेशनाच्या इमारतीतच असलेली रिफ्रेशमेंट रूम, वेटिंग रूम आणि मोठ्या स्टेशनांवरच्या रिटायरिंग रूम या रेल्वे कंपनीच्या होत्या. खाण्यापिण्याचे काम कंपनी बहुधा मक्त्याने देत असे. जीआयपीवर ब्रँडन, ईस्ट इंडियन रेल्वेवर केल्नर आणि मद्रासकडे स्पेन्सर ही त्या धंद्यातली मोठी नावे होत. पुढच्या स्टेशनावर जेवण तयार ठेवण्यासाठी गार्डाकडे सांगितले की तो तारेने निरोप धाडत असे. या जागांचा शोध रेल्वेच्या दप्तरात आणि मक्तेदार कंपन्यांच्या कागदांत घ्यावा. गावच्या नगरपालिकेत तो लागणार नाही, कारण जमीन रेल्वेची होती.

मुसाफिरी बंगला किंवा डाक बंगला हा सरकारी. तो रेल्वेच्या आधीपासून रस्त्यांवर होता आणि रेल्वे आल्यावर काही बंगले ओस पडले तर काही स्टेशनाजवळ नव्याने बांधले गेले. तिथे खानसामा असे, आणि चोवीस तास राहिलेल्या पाहुण्याने नव्या येणाऱ्याला जागा करून द्यावी असा नेम होता. उतरणाऱ्याला वहीत नाव, हुद्दा, आल्या-गेल्याची वेळ आणि शेरा लिहावा लागे. आजचे पुष्कळ शासकीय विश्रामगृह जुन्या मुसाफिरी बंगल्याच्याच जागेवर आहे. म्हणून सार्वजनिक बांधकाम खात्याच्या स्थानिक कार्यालयात जुन्या वह्यांची चौकशी जरूर करावी. वही मिळाली, तर तिच्याइतके जिवंत साधन दुसरे नाही.

खऱ्या अर्थाने युरोपियन धर्तीची हॉटेले मोठ्या शहरांत, छावण्यांत आणि थंड हवेच्या ठिकाणी होती. मुंबईत ती सुरुवातीला भायखळा-माझगावकडे होती आणि पुढे कोटाच्या, म्हणजे आजच्या फोर्टच्या, भागात सरकली. वॉटसनच्या एस्प्लनेड हॉटेलाची कथा या बाबतीत फार बोलकी आहे. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात घडवून जहाजाने आणला आणि इथे जोडला. हॉटेल १८७१ मध्ये उघडले. ते साल नुसते पाठ करून उपयोग नाही. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मार्च १८७० मध्ये जबलपूरपाशी जीआयपी व ईस्ट इंडियन हे दोन्ही मार्ग जोडले जाऊन मुंबईहून कलकत्त्याला थेट गाडीने जाता येऊ लागले, ही दोन वर्षे त्याच्या शेजारी ठेवली म्हणजे मग १८७१ चा अर्थ लागतो. विलायतेहून बोटीने उतरलेला माणूस आता मुंबईत एक-दोन रात्री काढून मेलगाडीने उत्तरेकडे जाणार होता. वॉटसनच्या दाराशी एकही स्टेशन नव्हते, तरीही ते रेल्वेच्या प्रवाशाचे हॉटेल होते. पुढे काही रेल्वे कंपन्यांनी स्वतःच हॉटेले काढली. बंगाल–नागपूर रेल्वेचे पुरीचे १९२५ चे हॉटेल हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण, आणि वेरूळ-अजिंठ्याच्या प्रवाशांसाठी निझामाच्या रेल्वेचे हॉटेल औरंगाबादला होते.

सामान्य हिंदी प्रवाशाला यातले काहीच परवडत नव्हते, आणि परवडले तरी त्याला तिथे बहुधा घेत नसत. त्याच्यासाठी मुसाफिरखाना, धर्मशाळा, खाणावळ आणि क्षेत्राच्या ठिकाणी उपाध्यायाचे घर होते. खाणावळी जातवार असत; पाटीवर तसे स्पष्ट लिहिलेले असे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह हे मराठी पाहुण्यांचे उतरण्याचे मोठे ठिकाण, लोकमान्य टिळकांचे देहावसान १ ऑगस्ट १९२० रोजी तिथेच झाले. इराण्याची हॉटेले राहण्यासाठी नव्हती, पण गाडीच्या वेळा सांभाळून पहाटे उघडणारी चहा-पावाची जागा म्हणून त्यांना या इतिहासात स्थान द्यावेच लागते. ग्रँट रोड स्टेशनासमोरचे १९१४ चे मेरवान हे त्याचे ठळक उदाहरण. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांकडे मात्र मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. यजमान कोणत्या गावचा, कोणाबरोबर आला, कोणत्या तिथीला आला, हे त्यांत पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेले आहे. रेल्वे येण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या वीस-वीस वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर यात्रेकरू किती लांबून येऊ लागले हे प्रत्यक्ष दिसू शकेल. वह्या खाजगी आहेत, तेव्हा त्या पाहण्याची विनंती आदराने करावी आणि नकार मिळाल्यास तो मान्य करावा.

कागद कुठे व कसे पाहावेत

पहिला कागद म्हणजे मुंबई इलाख्याचे जिल्हा गॅझेटियर. खानदेश १८८०, ठाणे १८८२, नाशिक १८८३, सोलापूर १८८४, पुणे व सातारा १८८५ अशी त्यांची प्रकाशनवर्षे आहेत. व्यापार आणि रस्त्यांविषयीच्या प्रकरणात रेल्वे, मुसाफिरी बंगले आणि धर्मशाळा यांची माहिती एकत्र मिळते, आणि ठिकाणांच्या प्रकरणात गावोगावची. शोधताना जुन्या इंग्रजी लेखनाची सवय करून घ्यावी. लोणावळ्याचे तेव्हा ‘लानौली’ होते, इगतपुरीचे ‘एगतपुरा’, दौंडचे ‘धोंड’, ठाण्याचे ‘टान्ना’. आजच्या स्पेलिंगने शोध घेणाऱ्याला संगणक ‘काही सापडले नाही’ असे सांगतो आणि तो बिचारा पुढच्या दप्तराकडे वळतो.

दुसरा कागद फारसा कोणी पाहत नाही, आणि म्हणूनच त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. १८६७ साली सराईंसंबंधीचा बाविसावा कायदा झाला. प्रवाशांच्या निवाऱ्यासाठी वापरली जाणारी इमारत म्हणजे सराई, अशी त्याची व्यापक व्याख्या होती. सराई चालवणाऱ्याने मॅजिस्ट्रेटकडे नोंदणी करावी, जागा स्वच्छ ठेवावी, भिंती-दरवाजे दुरुस्त ठेवावेत, राखणदार नेमावा, साथीचा आजार किंवा मृत्यू झाल्यास वर्दी द्यावी आणि मॅजिस्ट्रेट सांगेल त्या भाषेत दरांचा फलक लावावा, अशी त्यात कलमे होती. म्हणजे जिल्हा कचेरीच्या जुन्या दप्तरात सराईंची नोंदवही असण्याचा संभव असतो, आणि त्या वहीत चालकाचे नाव मिळते. आपल्याकडे मालकाचे नाव सर्वांना ठाऊक असते; प्रत्यक्ष खाणावळ चालवणारा, प्रवाशाला घोंगडी देणारा, रात्री दार उघडणारा माणूस मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. त्याचे नाव या वहीत सापडू शकते. ज्या हॉटेलात दारू मिळत असे, त्याच्यासाठी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याखालचे परवानेही पाहावेत.

वर्तमानपत्रांत बातम्यांपेक्षा जाहिराती उपयोगी पडतात. पुण्याचा ज्ञानप्रकाश १८४९ पासूनचा आणि केसरी १८८१ पासूनचा. मुंबईच्या इंग्रजी पत्रांच्या पहिल्या पानावर हॉटेलांच्या जाहिराती रांगेने असत. एकाच हॉटेलाची जाहिरात पाच-पाच वर्षांच्या अंतराने काढून पाहिली, तर मालक बदलला, दर चढले, ‘स्टेशनावर आमची गाडी हजर असते’ अशी ओळ नव्याने आली, हे सारे कळते. लिलावाच्या जाहिराती तर सोडूच नयेत. हॉटेल बुडाले की पलंग, आरसे, काचसामान, बिलियर्डचे टेबल यांची यादी छापली जात असे, आणि एरवी कधीही न मिळणारे आतल्या खोल्यांचे चित्र त्या यादीतून उभे राहते. मुंबईतील राज्य पुराभिलेखागार, एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, ठाण्याचे व मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय या ठिकाणी वेळ काढून बसावे.

जमिनीचा इतिहास नगर भूमापन कार्यालयातील मालमत्तापत्रकावरून कळतो. तिथली जुनी फेरफार नोंद आणि नगरपालिकेच्या घरपट्टीच्या वह्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात. घरपट्टी एकाएकी वाढलेली दिसली, तर त्या वर्षी इमारतीत मजला चढला किंवा घराचे हॉटेल झाले असे समजण्यास जागा असते. भागीदारांचे भांडण कोर्टात गेले असेल, तर ते आपल्या दृष्टीने भाग्यच. कारण दाव्याच्या कागदांत भांड्यांपासून उधारीपर्यंत सगळे येते.

दर वाचण्याची रीत

जुन्या दरपत्रकात ‘५–८–०’ असे आकडे दिसतात. ते रुपये, आणे आणि पै असे वाचावेत. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. त्या आकड्यांचे आजच्या रुपयांत रूपांतर करण्याचा मोह टाळावा. त्या काळातल्याच दुसऱ्या एखाद्या आकड्याशी तुलना केली तर चित्र अधिक स्पष्ट होते. महात्मा गांधींनी १९१७ मध्ये मुंबई ते मद्रास तिसऱ्या वर्गाने प्रवास केला तेव्हा तिकिटाला १३ रुपये ९ आणे पडले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्याच सुमारास बडोद्यातील एका पारशी उतारगृहात राहण्या-जेवणाचे दिवसाला दीड रुपया घेत असत, हे डॉ. आंबेडकरांच्या आठवणींवरून कळते. म्हणजे मद्रासच्या तिकिटाच्या पैशात त्या उतारगृहात साधारण नऊ दिवस काढता आले असते. अशी एक तुलना वाचकाला दहा तक्त्यांपेक्षा जास्त सांगते. गांधींनी त्याच लेखात वाटेतल्या चहाचेही वर्णन केले आहे, गलिच्छ साखर घातलेले आणि दूध म्हणवणाऱ्या पांढुरक्या द्रवाने गढूळ झालेले पाणी, अशा आशयाचे. तिसऱ्या वर्गाच्या खाण्याविषयीचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

आता इमारतीपाशी जा

एवढी तयारी झाली, की प्रत्यक्ष जागेवर जावे. पहिल्यांदा धर्मशाळेच्या दारावरचा शिलालेख वाचावा. त्यात देणगीदाराचे नाव, कोणाच्या स्मरणार्थ बांधली आणि साल असते. पण साल कोणत्या गणनेचे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. शके असेल तर ७८ मिळवावेत आणि पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलल्यानंतरच्या तिथींना ७९. संवत असेल तर ५७ किंवा ५६ वजा करावेत. मात्र कच्छी-गुजराती देणगीदारांचे संवत्सर दिवाळीनंतर कार्तिकात सुरू होते, त्यामुळे कार्तिक ते डिसेंबर अखेरपर्यंत ५७ आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६ असा हिशेब बसतो. पारशी धर्मशाळेवर यज्दगर्दी साल असल्यास त्यात ६३० किंवा, जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी, ६३१ मिळवावेत. मुंबई इलाख्यातील स्टेशनाजवळच्या धर्मशाळा पुष्कळदा भाटिया, कच्छी, मारवाडी आणि पारशी व्यापाऱ्यांनी बांधलेल्या असल्याने हे सगळे हिशेब लागतात.

मग खांब आणि तुळया पाहाव्यात. स्टेशनाजवळच्या इमारतींत पडवीचे खांब म्हणून जुने रूळ उभे केलेले सर्रास आढळतात. रुळाच्या कण्यावर, म्हणजे मधल्या अरुंद भागावर, कारखान्याचे नाव, कधी रेल्वे कंपनीची आद्याक्षरे आणि वर्ष उठावाने उमटवलेले असते. रंगाचे थर चढल्यामुळे ते डोळ्यांना दिसत नाही; संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, किंवा बॅटरी खांबाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडला असता, अक्षरे उमटून येतात. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली की ठसा मिळतो. रंग खरवडून काढू नये. आणि एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी: तो रूळ आधी कित्येक वर्षे मार्गावर राबून, झिजून, मोडीत निघाल्यावर इथे आलेला आहे. रुळावर १८९६ असेल तर खांब त्यानंतरचा आहे एवढेच सिद्ध होते. इमारत १८९६ ची आहे असे लिहिणे चूक ठरेल.

स्टेशनातल्या जुन्या रिफ्रेशमेंट रूमची जागा आज पार्सल ऑफिस किंवा बुकिंगच्या खोल्यांनी घेतलेली असते. फलाटाकडे उघडणारी रुंद दारे, उंचावरचे झरोके, मागच्या बाजूला वेगळे काढलेले स्वयंपाकघर आणि त्याचे धुराडे या खुणांवरून ती ओळखता येते. फलाटावर फिरण्यासाठी आणि मोजमापासाठी स्टेशन प्रबंधकांची आगाऊ परवानगी घ्यावी.

कोणाला प्रवेश नव्हता, हे विचारल्याशिवाय थांबू नका

हॉटेलांच्या इतिहासात हा भाग बहुधा गाळला जातो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे होते, उपाहारगृहेही वेगळी होती. आणि या दोन्हींपैकी कुठेही ज्यांना जागा नव्हती असे प्रवासी रोज त्याच गाड्यांनी जात-येत होते. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली काही मुले मसूर स्टेशनावर उतरली. नीटनेटके कपडे घातलेली ही मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा नूर पालटला. कोणी गाडीवान न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाड्याने एक गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे या अटीवर. शिदोरी जवळ होती, पण पाणी कोणी दिले नाही. त्यांतला एक मुलगा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगाला माहीत झाला. विलायतेतून शिकून आल्यावर बडोद्याच्या नोकरीवर रुजू होताना कोणत्याही हिंदू उतारगृहात थारा मिळणार नाही हे ओळखून त्यांनी पारशी उतारगृहात पारशी नाव लावून आश्रय घेतला. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठीबागेत बसून काढला. वर ज्या दीड रुपयाचा उल्लेख केला तो याच उतारगृहाचा दर होय.

म्हणून प्रत्येक मुक्कामाच्या नोंदीत ‘प्रवेश कोणाला’ असा एक रकाना ठेवावा. त्याचा पुरावा पाटीत, देणगीपत्रात आणि नगरपालिकेच्या ठरावांत मिळतो. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात, सार्वजनिक जागा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवल्या जाणाऱ्या पाणवठ्यांबरोबर धर्मशाळांचाही त्यात स्पष्ट उल्लेख होता. त्यानंतरच्या काही वर्षांची आपल्या नगरपालिकेची आणि लोकल बोर्डाची इतिवृत्ते काढून, स्टेशनाजवळच्या धर्मशाळेबद्दल तिथे काय चर्चा झाली, ठराव झाला की टाळला गेला, झाला असल्यास अंमलात आला की कागदावरच राहिला, हे पाहावे. खाजगी न्यासाची धर्मशाळा असेल तर देणगीपत्रातील शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावेत. ते सौम्य करून लिहू नयेत.

माणसांकडून ऐकताना

स्टेशनाजवळच्या मुक्कामांच्या आठवणी मालकाच्या घरी असतात तशाच हमाल, टांगेवाले, रेल्वेचे निवृत्त कर्मचारी आणि खाणावळीत पोळ्या लाटलेल्या बायकांच्या घरांतही असतात, आणि या दुसऱ्या घरांत फारसे कोणी जात नाही. ‘हॉटेल कधी सुरू झाले?’ असे विचारले की ऐकीव साल मिळते. त्याऐवजी पहाटे पहिली गाडी कोणती असे, तिच्यासाठी चूल किती वाजता पेटत असे, पाणी कुठून येई, पाहुण्याचा बिस्तरा कोण उचले, कोणाचे ताट वेगळे ठेवत, असे विचारावे. अशा उत्तरांतल्या गाडीची वेळ जुन्या वेळापत्रकाशी जुळली, तर आठवण कोणत्या दशकातली आहे ते ठरवता येते. पाटीवरचे ‘स्थापना’ साल हे कुटुंबाच्या धंद्याचे असू शकते, त्या जागेचे असेलच असे नाही. दोन्ही साले निरनिराळी लिहावीत.

लिहायला बसल्यावर कागदाने सिद्ध झालेले, इमारतीवरून अनुमान केलेले आणि ऐकलेले हे तीन प्रकार वाक्यरचनेतूनच वेगळे ठेवावेत. ‘१८९१ च्या जाहिरातीत असे आहे’, ‘खांबांवरून असे दिसते’, ‘कुटुंबात असे सांगतात’ एवढे शब्द पुरतात. हयात व्यक्तींची नावे त्यांच्या संमतीशिवाय छापू नयेत. शिलालेखाचा ठसा, वहीच्या पानांची छायाचित्रे आणि मुलाखतींची ध्वनिफीत यांची एक प्रत गावच्या सार्वजनिक वाचनालयात तारीख घालून ठेवावी, कारण स्टेशनांची पुनर्बांधणी आता वेगाने चालू आहे आणि रुळांचे ते खांब भंगारात जायला एक दुपार पुरते.